दुसरी यादी

"शिडी, कोंबडा, मीठ, पूल, जांभळा," पालोमाने एकेक शब्द सुटा करून म्हटला. "पाच मिनिटांनी परत विचारणार आहे हं, पप्पा."

"विचार की, डॉक्टरीणबाई," एलिसेओ म्हणाला आणि त्याने कॉफीत पाव बुडवला.

रविवारची सकाळ होती. टेबलावरचं मेणकापड पुसून पालोमाने सरावाचे कागद मांडले होते. मेक्सिको सिटीतल्या त्या अवाढव्य विद्यापीठात ती मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. स्मरणशक्तीची चाचणी घरच्या माणसांवर घ्यायची नाही, हा तिथला पहिला नियम. डॉक्टर आरियागा तो दर तासाला बजावायच्या. पण साठी उलटलेला आणि बडबडीला न कंटाळणारा माणूस दुसरा आणायचा कुठून? पप्पा म्हणजे हक्काचे. कागदावर 'शेजारी' लिहिलं की झालं.

पाच मिनिटं झाली. "सांगा शब्द."

"कसले शब्द?"

"पप्पा!"

"कोंबडा होता ना एक? त्याचा तुझ्या आईने रस्सा केला." तो एकटाच हसला.

मग तिने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. एलिसेओ चाळीस वर्षं बाजाराच्या दारात चाव्या बनवत आला होता. त्याने नुसत्या हाताने असं वर्तुळ काढलं की पालोमा बघतच राहिली. मग बराच वेळ खाडाखोड करत त्याने बाराच्या बारा आकडे उजवीकडे कोंबले.

पालोमाचा पारा चढला. थट्टेत पप्पांचा हात धरणारा त्या गल्लीत कुणी नव्हता, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. "नीट करा ना हो! यावर मार्क आहेत माझे. तुमच्यामुळे नापास होईन मी!"

एलिसेओचं हसू मावळलं. "माझ्यामुळे?" त्याने हळूच विचारलं. ती कागद गोळा करू लागली.

सोमवारी डॉक्टर आरियागांनी तो घड्याळाचा कागद खिडकीशी नेऊन पाहिला. "कोण हे गृहस्थ?"

"शेजारी आहेत. थट्टा करत होते, डॉक्टर."

"सातचा आकडा बघ. चार वेळा खोडलाय, कागद विरलाय तिथे. थट्टा करणारा माणूस खोडत बसत नाही." त्यांनी कागद परत दिला. "पण एका खेपेवरून काही ठरवू नये. तुझी घाई झाली असेल. येत्या रविवारी दुसऱ्या यादीने घे. तेव्हाही असंच आलं, तर त्यांच्या घरच्यांना सांग. दवाखान्यात न्यायला हवं."

"सांगते," पालोमा म्हणाली.

मेट्रोत बसल्यावर तिला एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात तिघीजणी चाव्या परत घेऊन आल्या होत्या, कुलपात फिरत नाहीत म्हणून. मशीन जुनं झालंय, असं पप्पा म्हणाले होते. सगळ्यांनी मान डोलावली होती. तिनेसुद्धा. तीन वर्षं माणसांचं मन शिकणाऱ्या मुलीला घरातला माणूस दिसला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

आठवडाभर ती त्याच्यावर डोळा ठेवून होती. जे दिसलं त्याने धीर आणखीच खचला. एरवी शिट्टी वाजवत काम करणारा एलिसेओ मशीनपुढे ओठ हलवत बसायचा. दाढी करतानाही पुटपुटायचा. कुणी आलं की गप्प.

"कुणाशी बोलता हो?" तिने विचारलं.

"कुणाशी नाही. तू अभ्यास कर."

"म्हातारचळ, दुसरं काय," आई चुलीकडूनच म्हणाली.

पालोमाने वहीत लिहिलं, 'एकटेच बोलतात.' वर्गात असल्या गोष्टींना जागा नव्हती, तरी शनिवारी तिने बाजारातल्या मारियामातेपुढे मेणबत्ती लावली. एवढी एक चाचणी नीट होऊ दे. चूक माझीच निघू दे.

रविवारी एलिसेओ तिच्या आधीच टेबलाशी येऊन बसला होता. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात लग्नाकार्याचा सदरा. पालोमाने नवी यादी काढली.

"साबण, घोडा, दोर, खिडकी, पिवळा. म्हणून दाखवा."

"साबण, घोडा, दोर, खिडकी, पिवळा," तो लगेच म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. पाच मिनिटं तिने त्याला वजाबाक्या घातल्या. त्या त्याने कशाबशा उरकल्या. लक्ष त्यांच्यात नव्हतंच. समोरची कॉफी निवून गेली.

"आता ते शब्द विचार ना," तो स्वतःच म्हणाला.

"सांगा, पप्पा."

एलिसेओ सावरून बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. शाळेतल्या पोरासारखी मान ताठ केली.

"शिडी. कोंबडा. मीठ. पूल. जांभळा."

तो कुठेही अडखळला नाही. पालोमाची पेन्सिल कागदावर टेकली, ती तशीच राहिली. साबण नाही, घोडा नाही. यादीतल्या शब्दांपुढचे पाचही चौकोन रिकामे. तिला त्याच्याकडे बघवेना.

एलिसेओने सदऱ्याच्या खिशातून तेलाचे डाग पडलेली एक चिठ्ठी काढली आणि तिच्यापुढे सरकवली. "तुझ्या वहीतून उतरवून घेतले होते मी. आठवडाभर घोकतोय." त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "आता माझ्यामुळे नापास नाही ना गं होणार तू?"