भाऊरावांचं फोल्डर

जबलपूरच्या त्या कारखान्याच्या ऑफिसात हजेरीचा बॅकअप ज्या फोल्डरमध्ये जाई, त्याला ऑपरेटरचंच नाव द्यायची रीत होती. भाऊराव मार्चमध्ये वारले, म्हणून त्यांच्या जागी आलेल्या मुरलीधरने स्वतःच्या नावाचं फोल्डर केलं आणि बॅकअपच्या पाथमध्ये, म्हणजे पत्त्यात, तेच नाव टाकलं. तेव्हापासून रोज दुपारी बॅकअप फेल: 'मुरलीधर' सापडत नाही.

फोल्डर तर समोर दिसत होतं.

"काहून डोकं फोडून राहिले जी? जुनंच नाव टाका ना," शेजारच्या टेबलावरची ज्योती म्हणाली.

त्याने वैतागून 'भाऊराव' टाकलं. बॅकअप झटक्यात झाला. उघडून बघितला, तर आजच्या हजेरीत भाऊराव होते, मुरलीधर नव्हता.

तो ताडकन उठला.

ज्योतीने चहा आणून ठेवला आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीला हळूच विचारलं, "भाऊरावजी, हे भैया कोण उभे आहेत?"