योशिओची वेळ

बांधाच्या टोकाला जाऊन भानुदासरावांनी तोंडाभोवती तळहात धरले आणि पोटातून हाक मारली, “योशिओऽऽ!”

खाचरातले बेडूक एकदम गप्प झाले. जपानात त्सुकुबाला राहणारी त्यांची सून नेत्रा गाडीपाशी उभी होती, ती धावतच आली. “बाबा, इथे असं ओरडत नाहीत हो! कुणीतरी पोलिसांना फोन करेल.”

“कोन करंल?” सासरे हसले. खरंच होतं. त्सुकुबापासून तासाभरावरचं हे गाव, आणि निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. “काम संपल्याची हाक हाय ही. हितंच शिकलो. हितल्या म्हाताऱ्या ओकासान वळखतील बघ आवाज.”

चाळीस वर्षांपूर्वी, तरुण शेतकऱ्यांच्या एका देवाणघेवाण योजनेतून ते भोरहून इथे आले होते आणि वर्षभर नेमोतो नावाच्या शेतकऱ्याच्या घरी राहिले होते. दोरी धरून भाताची लावणी करायची, आपले पाय धुण्याआधी अवजारं धुवायची, हे त्यांनी इथून उचललं आणि गावी नेलं. आधी लोक हसले. पीक बघितल्यावर गुपचूप दोऱ्या घेऊन आले. पण खरी रुजली ती ही हाक. नेमोतो-सान काम सुरू करताना ‘योशि!’ म्हणत, म्हणजे चला, ठीक. दिवस मावळताना बांधावरून ‘योशिओऽऽ!’ म्हणत, म्हणजे अर्थातच चला, आता पुरे. त्यात विचारायचं काय? आता भानुदासरावांच्या गावात ‘योशिओ झाला’ म्हटलं की बायका विळे धुवायला घेतात. त्यांच्या नातवंडांना तर हा शब्द मराठीच वाटतो.

नेमोतोंच्या घराचं सरकतं दार उघडलं आणि ओकासान बाहेर आल्या. ओकासान म्हणजे आई; नेमोतो-सानच्या बायकोला ते तेव्हापासून तसंच म्हणत. नव्वदीची ती म्हातारी अनवाणीच अंगणात उतरली. चाळीस वर्षांनी आलेल्या पाहुण्याकडे तिने आधी बघितलंच नाही. ती त्यांच्या मागे, पाण्यानं भरलेल्या खाचराकडे बघत राहिली. मग हळूच काहीतरी बोलली. नेत्राचा चेहरा उतरला.

“काय म्हनल्या?”

“बाबा, योशिओ हे त्यांच्या मुलाचं नाव आहे. सात वर्षांचा असताना कॅनॉलमध्ये बुडाला. तुम्ही इथे यायच्या आधी.”

भानुदासरावांना नेमोतोंच्या घरातल्या देव्हाऱ्यातला एका पोराचा फोटो आठवला. त्याचं नाव कुणी घेत नाही, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. त्यांना लाज वाटली. एका मेलेल्या लेकराच्या नावानं त्यांनी सगळ्या गावाला रोज कामावरून उठवलं होतं.

ओकासान बोलत राहिल्या आणि नेत्रा अडखळत सांगत गेली. “नेमोतो आजोबा रोज हाक मारायचे आणि तो यायचा, म्हणतायत. दिसायचा नाही, पण चिखलात पावलं वाजायची. मग त्या त्याच्यासाठी न्हाणीचं पाणी तापवायच्या. पण बाबा, तुम्ही इंडियात परत गेलात ना, त्या दिवसापासून तो आलाच नाही. आजोबा वारेपर्यंत हाका मारत होते. उद्या मुलगी त्यांना सेंदाईला न्यायला येतेय आणि त्या जायला तयार नाहीत. तो आला आणि घर बंद असलं तर, म्हणतायत.”

ओकासाननी भानुदासरावांची बाही धरली. पुढचा प्रश्न भानुदासरावांना नेत्राशिवायच कळला, एवढं जपानी अजून शिल्लक होतं. तो तुमच्याकडे आहे का?

“हो म्हणा ना, बाबा, प्लीज,” नेत्रा कुजबुजली. “एवढ्यानं त्यांना बरं वाटणार असेल तर खोटं बोललं म्हणून काय बिघडतं?”

खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं. गावी भोरला लावणीच्या दिवसांत भानुदासरावांनी हाक दिली की सगळी माणसं बांधावर येतात, आणि सगळी आल्यावरही खालच्या खाचरातून कुणीतरी चिखल तुडवत येतं. पावलं हलकी असतात. बायका म्हणतात, शेवटचा येऊ द्या, मग निघू. त्या बायकांना भानुदासरावांनी जन्मभर झापलं होतं. बेडकं हायेत गं ती! परदेश बघून आलेला माणूस, तो असल्या गोष्टी कानावर कशा घेणार?

“हाय,” ते म्हणाले.

जपानीत त्याचा अर्थ हो. भोरकडच्या मराठीत, आहे. कुठल्याही भाषेत धरा, उत्तर एकच होतं.

ओकासान कमरेत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला होता. मग शेजारणीला निरोप सांगावा तसं त्यांनी काहीतरी सांगितलं. नेत्राला ते मराठीत आणायला जड गेलं.

“उद्या जाते म्हणतायत. पण तुम्ही आत्ता त्याला इथे हाक मारलीत. घर तर बंद होणार. जाताना आठवणीनं बरोबर न्या, म्हणतायत.”

खाचराच्या पलीकडच्या कडेला पाणी हललं. वारा नव्हता. नेत्रानं सासऱ्यांचा दंड घट्ट धरला. भानुदासरावांनी तिकडे मान वळवली नाही, फक्त ओकासानकडे बघून होकार दिला.

तरी म्हातारीनं बाही सोडली नाही. एक विचारायचं राहिलं होतं तिचं. तिकडचा भात मोकळा असतो म्हणे, कोरडा. टीव्हीवर बघितलाय तिने. लेकराच्या घशाखाली उतरतो का?

“त्यांना सांग,” भानुदासराव म्हणाले, “आमची इंद्रायणी. चिकट भात होतो. खातो म्हनावं, पोटभर.”