जायचं कशानं?

"या डबड्यात मी बसायचं?" साहेबांनी मुलाच्या फोनवरचा विमानाचा फोटो पाहिला आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. "असल्या विमानांचे क्लेम पास केलेत मी. पंख सापडायचा, पायलट सापडायचा नाही."

साहेब विमा कंपनीच्या अपघात विभागातून निवृत्त झाले होते. कुठलंही वाहन त्यांना आधी मोडलेलंच दिसायचं.

"मग बस आहे," मुलगा म्हणाला. "जंगलातून जाते. पण पोचवते."

"बस कसली, खुळखुळा! चढताना माणूस, उतरताना पोतं."

"नाहीतर लाँच. खाडीतून निघते, थोडा वेळ समुद्र, की आलंच ताईचं बंदर."

"कोंबड्या, बोचकी आणि डिझेलचा वास. वा! अरे, माणसानं जावं अशी जागा असती, तर तिथं जायला धड सोय नसती का झाली?"

मुलानं फोन उचलून खिशात टाकला. हे दरवर्षी चालायचं. लेक नर्स होऊन त्या टोकाच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यात गेली आणि तिथंच बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करून बसली. साहेब त्याला 'तो फिटर' म्हणत. जावई हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. लग्नाला ते गेले नाहीत, कारण विमान डबडं होतं. नात झाली तेव्हा रस्ता खचलेला होता. पुढे रस्ता दुरुस्त झाला, तर ड्रायव्हर दारुडे निघाले. कोणी म्हणालं, अहो, निदान नातीचं तोंड तरी बघून या, तर साहेब म्हणत, "फोनवर फोटो येतात की. तिथं जाऊन काय जास्त दिसणार आहे?"

त्यांची बायको टेबलाच्या कडेला कपड्यांच्या घड्या घालत होती. या चर्चेत ती कधी पडायची नाही. आज पडली.

"मी सोमवारच्या लाँचनं निघतेय," ती म्हणाली. "पोरीला पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. बाळ रांगायला लागेपर्यंत मी परत येत नाही. तुम्हाला यायचं तर या."

साहेब खो खो हसले. "तू? लाँचनं? बहिणीकडे पंधरा दिवस जाऊन येतेस, तेवढाच तुझा प्रवास!"

बहिणीकडे ती दरवर्षी जायची, हे खरं. साहेब तिकडे कधी फिरकले नव्हते. साडू जमिनीची दलाली करायचा. असल्या माणसाच्या घरी फोन लावणंही साहेबांना कमीपणाचं वाटे.

"आणि माझं काय?" त्यांनी विचारलं.

"गॅस कुठून पेटवतात, ते दाखवून जाईन."

सोमवारी साहेब लाँचवर होते. बायकोला एकटीला जमणार नाही म्हणून आपण निघालोय, असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं.

लाँच त्यांच्या अपेक्षेइतकीच भिकार निघाली. बायको मात्र कोणाला न विचारता सरळ मागच्या बाकाकडे गेली. तिथं सावली होती, धूर येत नव्हता. लाँचवाल्यानं लगबगीनं आपली दोरखंडं उचलून तिला जागा करून दिली आणि तिची पिशवी ताडपत्रीखाली नीट सरकवली.

"पाहिलंस?" साहेब तिच्या कानाशी लागले. "बरा माणूस दिसला की हे लोक लगेच पुढे पुढे करतात. माझ्याकडे बघून जागा दिली त्यानं."

"हो का," ती म्हणाली.

दोन्ही काठांची खारफुटी मागे सरली. खाडीचं तोंड रुंदावलं. "आता दांडा घट्ट धरा," ती म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस. पाणी कसं आरशासारखं..."

पुढची लाट साहेबांच्या अंगावर आली. चष्म्यातून, मिशांतून पाणी गळायला लागलं. त्यांनी लाँचवाल्याला, बोटीला, समुद्राला आणि अशा ठिकाणी लेकीला बोलावून घेणाऱ्या दवाखान्याला शिव्या घातल्या. बायकोनं पदर आधीच डोक्यावरून घेतला होता. ती कोरडी होती.

बंदर म्हणजे लाकडी धक्का, चार माड आणि एक पत्र्याची शेड. तेलकट हातांचा एक उंच माणूस दोर झेलायला उभा होता. साहेबांनी त्याला फोटोवरून ओळखलं, आणि ओळख न दाखवता दुसरीकडे पाहिलं. त्याच्या मागून एक मुलगी धावत निघाली. फोनवर दिसायची त्याहून मोठी, उन्हानं रापलेली, गुडघे खरचटलेले. साहेब नकळत थांबले. ओले केस त्यांनी हातानं सारखे केले. काहीतरी म्हणायला हवं, असं त्यांना वाटलं.

मुलगी त्यांच्या बाजूनं सुसाट गेली आणि बायकोच्या कमरेला घट्ट बिलगली.

"आजी, या वेळी बसनं नाही आलीस? बसवाले काका कालपण विचारत होते, तुझी आजी कधी येणार म्हणून!"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. लाँचवाला पिशवी धक्क्यावर ठेवून हसत होता. फिटर पुढे झाला, सासूच्या पाया पडला आणि तिची पिशवी उचलून चालू लागला. त्याला काही विचारावं लागलं नाही, तिलाही काही सांगावं लागलं नाही.

मुलीनं आजीच्या पदराआडून डोकं काढलं आणि भिजलेल्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आजी, हे कोण गं?"

"तुझे आजोबा," ती नातीच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली. "इतकी वर्षं यांना वाट सापडत नव्हती."