एकशे एकावा ठिपका

“एकशे एक,” श्रीपादने तिसऱ्यांदा मोजलं.

संगणकाला त्याने शंभरच उड्डाणं करायला सांगितली होती. दर वेळी वारा जरासा बदलायचा आणि लेकीचं, सावनीचं, रॉकेट जिथं उतरेल तिथं नकाशावर ठिपका उमटायचा. उड्डाणांच्या रेषा त्याने बंदच ठेवल्या होत्या, उगाच शेवयांचा गुंता. मानक नगर रेल्वे कॉलनीच्या मागचं मैदान ठिपक्यांनी भरलं होतं. एक मात्र वाऱ्याच्या उलट जाऊन थेट त्यांच्या क्वार्टरच्या गच्चीवर बसला होता.

“जेवायला येताय ना?” कांचनने लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली. बरणीच्या तोंडाला लाल चकचकीत कापड बांधलेलं होतं.

“हे पॅराशूटचं कापड आहे!”

“सावनीच्या त्या जुन्या रॉकेटचं. नाहीतरी पेटलं कुठं ते? अडगळीत सगळं दमट झालंय, म्हणून आज गच्चीत मांडलंय. रॉकेटपण, स्टँडसकट. त्याला जोडलेल्या त्या रिमोटच्या डबीचा दिवा मात्र लागतो हो अजून, बटण दाबून बघितलं मी.”

श्रीपादचं लक्ष नव्हतं. रेल्वेत सव्वीस वर्षं रुळांची गणितं केलेल्या माणसाला असला आगाऊ ठिपका कसा खपावा? त्याने तो खोडला. तो परत आला. शनिवारभरात सात वेळा खोडला, सात वेळा आला. तक्त्यात त्याच्यापुढे लिहिलेलं होतं, ‘पॅराशूट नाही’.

म्हणजे वरून सुसाट, नाकावर. आणि रविवारी अकराला, नेमकं उड्डाणाच्या वेळी, कांचन त्याच गच्चीवर उन्हात मटार सोलत बसायची.

“उद्या तू मैदानावर यायचंस,” तो म्हणाला.

“अहो, पण मटार...”

“मटार घेऊन ये.”

रविवारी साडेदहाला धुकं विरलं. श्रीपादने मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली कांचनची खुर्ची स्वतः मांडली. कॉलनीची घरं तिथून दिसत होती. गच्चीवर आता चिटपाखरूही नव्हतं. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने चार शेंगाही सोलून दिल्या.

“आज भारीच प्रेम उतू चाललंय,” कांचन हसली.

“बाबा, रिमोट तो वही पुराना है न?” सावनीने लांबून विचारलं. “चलेगा?”

“चालेल. एकदा परत वारा बघतो, थांब.”

त्याने टॅबलेट उघडला. ठिपका गच्चीवर होताच. बस म्हणावं तिथं एकटाच. पण हा तिथं पोचतो तरी कुठल्या वाटेनं, ते बघावं म्हणून त्याने पहिल्यांदाच रेषा चालू केल्या आणि वेळेचा काटा शून्यावर नेला.

शंभर उड्डाणं मैदानातल्या स्टँडवर उभी होती. एकशे एकावं गच्चीवर. म्हणजे तो ठिपका उतरण्याचा नव्हताच, उडण्याचा होता.

त्याने काटा पुढे सरकवला. गच्चीवरून एक रेषा वर चढली, घरांवरून वळली आणि सरळ खाली आली. कडुलिंबाखाली.

“अहो, काय झालं?” कांचनने खुर्चीतूनच विचारलं.

“सावनी! थांब! दाबू नको!”

पण कॉलनीतली पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून एका सुरात ओरडत होती, “तीन! दो! एक!”

सावनीने बटण दाबलं. सूंऽऽ असा आवाज आला. आणि मागोमाग, घरांच्या बाजूने, दुसरा.