मांडवाची उंची

जपानमधल्या यामानाशीतला इसामु आपल्या एकाच बागेतली दोन जातींची द्राक्षं मिसळून लाल वाइन करायचा. मांडवाला लटकणाऱ्या प्रत्येक घडावर पावसाआधी कागदी टोपी चढवायचं काम त्याच्या बायकोचं, फुमिएचं. गेल्या वर्षी शेवटची ओळ तिच्याकडून तशीच राहिली. घडांत पाणी भरलं, वाइन पाणचट झाली.

“तुझा आळस नडला!” तो वर्षभर टोमणे मारत राहिला. ती नुसती खांदा चोळत बसायची.

यंदा तिचा हात वरच जाईना, म्हणून शेजारची सायो आली. तीही फुमिएएवढीच बुटकी.

“इसामुसान, स्टूल कुठंय?”

“स्टूल कशाला?”

“अहो, मांडव तुमच्या उंचीचा बांधलाय! फुमिएसान कशावर उभ्या राहायच्या?”

इसामुला उत्तर ठाऊक होतं. जन्मभर बघत तर होता.


“चवड्यांवर.”