बाबांचा मोजा

बाबा वर्षभर नेमाने एका प्लास्टिकच्या झाडाला पाणी घालत होते. त्यावर मी माझा पहिला विनोदी लेख लिहिला. तो छापून आला, शेजारचे काका जिन्यात गाठून "काय, फुलं आली का?" असं विचारू लागले, आणि बाबांनी माझ्याशी अबोला धरला.

संपादकबाईंनी दुसरा लेख मागितला, तेव्हा मला काही म्हणजे काही सुचेना. घरही एकाएकी शहाणं झालं होतं. बाबा तर चपला घालतानासुद्धा दोनदा बघून घालायचे.

"आई, मला नाही गं जमायचं हे. उद्या बाईंना सांगून टाकते, दुसरं कुणी बघा म्हणून." मी स्वयंपाकघरात आईला म्हणाले. बाहेर बाबांच्या पेपरची सळसळ थांबली.

सकाळी मी दाराआडून पाहिलं, तर बाबांनी पायातला एक मोजा काढला, इकडेतिकडे बघितलं, फ्रीज उघडला आणि मोज्याची नीट घडी घालून तो अंड्यांशेजारी ठेवला. दार आवाज न करता लावलं. मग हॉलमध्ये जाऊन खुर्चीत बसले आणि ओरडले, "माझा मोजा कुठे गेला?"

मी हसू दाबत तशीच उभी राहिले.

"अगं ए, सगळं घर पालथं घातलं!" बाबांचा आवाज आणखी चढला. "फक्त फ्रीज तेवढा बघायचा राहिलाय!"