निरभ्र आठवडा

दिवाळी होऊन गेली होती. भाजीवाली प्रयागबाई मंगरूळपीरच्या शेठाणी अंगुरीबाईंच्या ओट्यावर टेकली आणि खुशीत म्हणाली, "टीव्हीवर सांगतलं बाई, पुढचा हप्ताभर आभाय मोकळं राहीन. ना पाणी, ना गारपीट. माही मेथी वाचली!"

अंगुरीबाईंचा चेहरा मात्र उतरला. "थंडीची लाटबी नाही?"

"तुमाले कायले पायजे लाट?"

"आपल्या वाशीम जिल्ह्याले हवामानाचा काही इशारा असला की पुण्याहून आमच्या पुनीतचा फोन येते. स्वेटर घाल म्हणते, बाहेर निघू नको म्हणते. एरवी त्याले वेळच भेटत नाही."

प्रयागबाईनं मेथीची पाटी बाजूला सारली. मग पदराला हात पुसून म्हणाली, "लावा त्याले फोन. मी बोलतो."

फोन लागताच तिनं सरळ सांगितलं, "पुनीतभाऊ, तुमची आई लय उदास होऊन राह्यली. जरा येऊन जा."

 पलीकडून पुनीतचा गोंधळलेला आवाज आला,



"असं कसं मावशी? माझ्या मोबाईलवर तर तिकडं आठवडाभर सगळं छान दाखवतंय!"